पानावर कोण आलं नाही?

कोकणातल्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावात नसलेली माणसंही त्यात येतात. गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने मागतो. त्या मागण्यात मुंबईला चाकरीला गेलेले असतात, पुण्याला शिकायला गेलेले असतात, बोटीवर असलेले असतात. जिथे असतील तिथे त्यांना सांभाळ, एवढंच मागणं. लहानपणापासून मी हे ऐकत आले. त्यातून एक प्रश्न मनात राहिला आणि वय वाढलं तसा तो अधिक गंभीर होत गेला. परगावी गेलेल्या लेकराला देव सांभाळतो, तो कोणाच्या हातांनी?

या प्रश्नाचं उत्तर मी पोथीत शोधलं आणि स्वयंपाकघरातही शोधलं. दोन्हीकडे ते एकच निघालं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं वेळणेश्वर गुहागर तालुक्यात. तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची. समुद्राला लागून वेळणेश्वराचं देऊळ, आणि नारळी-पोफळीच्या आगरांमधून चढत-उतरत जाणाऱ्या पाखाड्या. कित्येक घराण्यांचं हे कुलदैवत. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेली माणसं वर्षातून एकदा येतात, अभिषेक करतात, भक्तनिवासात राहतात आणि परत जातात. या किनाऱ्याने शंभर-दीडशे वर्षं आपली पोरं बाहेर पाठवली. मुंबईत गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांमध्ये ती पाळीपाळीने झोपली आणि खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवली. त्या बायकांनी कामगारांची अख्खी पिढी पोसली, पण त्यांची संघटना उभी राहायला १९७५ साल यावं लागलं. त्या वर्षी प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे आमची मुलं आधी दुसऱ्याच्या दारात वाढली, आणि वाढवणाऱ्यांची दखल फार उशिरा घेतली गेली.

मग २०१२ साली हा ओघ उलटा फिरला. ठाण्याचं विद्या प्रसारक मंडळ ही १९३५ सालची जुनी शिक्षणसंस्था. तिने आमच्या गावात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. ज्या गावातून मुलं फक्त जात होती, तिथे दुसऱ्यांची मुलं राहायला येऊ लागली. बहुतेकांची सोय वसतिगृहात होते, काही गावातल्या घरांत खोली घेऊन राहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या आम्ही मुलांना दिल्या. राहणं आणि दोन वेळचं जेवण. मुलं मला काकू म्हणतात. कोणी खानदेशातून आलेलं असतं, कोणी मराठवाड्यातून, कोणी ठाणे-डोंबिवलीहून. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यापैकी बरेच जण गोंधळतात. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, बत्ती जाते, फोनला रेंज नसते, कपडे वाळत नाहीत. पानात रोज भात असतो आणि त्यांना ज्वारीच्या भाकरीची आठवण येत असते.

तेव्हापासून तो जुना प्रश्न माझ्यासाठी पोथीतला राहिला नाही. दूर कुठेतरी एखादी आई रोज संध्याकाळी दिवा लावताना ज्या मुलासाठी हात जोडते, तो माझ्या मागच्या खोलीत राहतो. तिच्या मागण्याचं उत्तर देवाने द्यायचं, तर ते माझ्या घरातून जाणार. मग मी त्या मुलाची नेमकी कोण? आणि त्याच्याबद्दल मला जाब कोणाला द्यायचा आहे?

आपल्याकडे याचं सर्वांत जुनं उत्तर पुण्याचं आहे. विद्यार्थ्याला जेवू घालणं हे पुण्यकर्म. माधुकरी आणि वार यांच्यावर कोकणातल्या किती मुलांची शिक्षणं झाली याची गणती नाही. माझे मामंजी पुण्याला वार लावूनच शिकले. सोमवारी एका वाड्यात, मंगळवारी दुसऱ्या. त्यांचा एक वार शेवटपर्यंत रिकामाच राहिला, त्या दिवशी ते चुरमुऱ्यांवर भागवत. म्हातारपणीही त्यांना त्या घरांची नावं वारांसकट पाठ होती आणि ती घेताना ते हात जोडत. पण एकदा ओटीवर बसले असताना ते मला म्हणाले, "सूनबाई, पुष्कळ घरांत वाढलं फार मायेने. पण काही घरांत त्यांना वाढायचं होतं एवढंच. माझं पोट भरलं का, ते बघायचं नव्हतं." हे वाक्य मी विसरू शकले नाही. पुण्यासाठी केलेल्या दानात देणाऱ्याची नजर बहुधा स्वतःकडे असते. घेणाऱ्याला ते कळतं आणि तो मान खाली घालून जेवतो.

या उत्तरातली दुसरी उणीव याहून मोठी आहे. वार प्रत्येकाला मिळत नव्हता. आडनाव आणि जात बघून दार उघडत होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या खानावळीत ओळख लपवून राहावं लागलं, आणि ती कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. सगळ्या भूतांत एकच देव पाहणाऱ्या धर्मात वाढलेल्या समाजाने एका विद्वानाला रात्रीपुरतं छप्पर दिलं नाही. मुक्कामाची जागा हा धर्माचाच प्रश्न आहे याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

शाहू महाराजांना हे नीट कळलं होतं. त्यांनी १८९६ साली कोल्हापुरात सगळ्यांसाठी म्हणून राजाराम वसतिगृह काढलं, पण त्याचा लाभ जवळजवळ फक्त ब्राह्मण मुलांनीच घेतला. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ कर म्हणून सांगितलं, ती त्याने नाकारली आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला असं बोर्डिंग सुरू केलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसतील, स्वतः रांधतील, शेतात राबतील आणि शिकतील. १९२७ साली गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. बोर्डिंगात धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या गेल्या तेव्हा त्या मुलांची दुसऱ्यांदा आई गेली असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

लक्ष्मीबाईंनी जे केलं त्याला पुण्य म्हणायला माझी जीभ धजत नाही. पुण्य आपल्या खात्यावर जमा होतं, आणि त्या बाईंनी खातंच ठेवलं नव्हतं. त्यांच्या कृतीसाठी मला शतपथ ब्राह्मणातला एक विचार जवळचा वाटतो. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं अशी तीन ऋणं आपण सर्रास ऐकतो. शतपथात त्यांच्या जोडीला चौथं ऋण सांगितलं आहे, ते माणसांचं. ते फेडायचा मार्गही तिथेच दिला आहे: माणसांना राहायला जागा द्यावी आणि जेवू घालावं. हवन, अध्ययन आणि संतती यांच्या रांगेत निवारा आणि अन्न बसवलेलं आहे. दान करणारा आणि ऋण फेडणारा, दोघंही तेच ताट वाढतात. पण फेडणाऱ्याला उपकार केल्याची भावना बाळगायला जागाच उरत नाही. तो देणेकरी आहे, समोर बसलेला मुलगा घेणेकरी. मान खाली घालायचं कारण त्या मुलाला उरत नाही.

हे ऋण माझ्या अंगावर किती आहे ते मला माहीत आहे. आमचा मुलगा सांगलीला शिकत होता तेव्हा त्याला कावीळ झाली. ज्यांच्याकडे तो भाड्याने राहत होता त्या बाईंनी त्याला आपल्या माजघरात आणून निजवलं, डॉक्टरांकडे नेलं, मुगाचं पाणी दिलं, आणि आम्ही चिपळूणहून गाडी पकडून पोहोचेपर्यंत रात्री त्याच्याजवळ बसून राहिल्या. पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. त्यांचं ऋण त्यांना परत करायची सोय नाही, त्यांना माझ्याकडून काही नकोच होतं. ते मला मागच्या खोलीतल्या मुलांनाच फेडलं पाहिजे. म्हणून खोली विचारायला कोणी आलं की आम्ही आडनावावरून जागा आहे की नाही ते ठरवत नाही. कागदपत्रं रीतसर घेतो, पोलीस पाटलांना कळवतो, पण पान मांडताना सगळ्यांची पानं एकाच ओळीत असतात. देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात याशिवाय दुसरं काही करणं मला धर्माला सोडून वाटतं.

दुसरं उत्तर आजच्या काळाचं, म्हणजे कराराचं. इतके पैसे, इतक्या सोयी, इतके नियम. याला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. करारात मुलाची मान ताठ राहते, आणि ते फार मोलाचं आहे. भाजीत मीठ जास्त झालं तर तो सांगू शकतो. मामंजी सांगू शकले नसते. नियमांनीही मुलं वाचतात. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले, ते कोणाच्या तरी मुलाचा जीव गेल्यावरच झाले. रात्रीची हजेरी, रेक्टरचा फोन नंबर, तक्रारीची पेटी, हे सगळं असायलाच हवं. पण करार जेवण तयार आहे इथपर्यंत पोहोचतो. मूल जेवलं का, हा प्रश्न त्यात मावत नाही. मेसचे पैसे भरलेले आहेत आणि मुलगा चार दिवस आलेला नाही, यात कराराचा भंग कुठेच होत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांना सर्वांत गोड वाटतं: आपल्याच मुलासारखं बघायचं. मी स्वतः शिक्षिका होते, हे वाक्य मी अनेक सभांमध्ये ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. तरीही मला त्याची भीती वाटते, कारण आपल्या मुलांवर आपण नुसती माया करत नाही, ताबाही ठेवतो.

एक वर्ष आमच्याकडे दोन मुली होत्या. त्यांतल्या एकीच्या वडिलांचा मला फोन आला. अगदी अजिजीने बोलत होते. "ती किती वाजता येते, कोणाबरोबर येते, फोनवर कोणाशी बोलते, तेवढं रोज कळवत चला. पण तिला हे कळू देऊ नका." त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना म्हटलं, "ती आजारी पडली, अडचणीत आली, तर रात्री दोन वाजता तुम्हाला उठवीन. पण तुमचा हा फोन आला होता, हे मी तिला सांगणार." ते रागावले, मग बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी "बरं" म्हणाले. मुलीला मी सांगितलं तेव्हा ती रडली. त्या दिवसापासून उशीर होणार असला की ती आपणहून फोन करू लागली. तिच्यावर पाळत नाही, हे कळल्यावर तिने स्वतःहून स्वतःबद्दल सांगायला सुरुवात केली.

इंग्रजी कायद्यात संस्था ही पालकाच्या जागी असते अशी जुनी कल्पना होती. अमेरिकेत १९६१ साली अलाबामातल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात न्यायालयाने तिला मोठा धक्का दिला. वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं केली म्हणून त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढून टाकलं होतं, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायलाही कोणाला सवड नव्हती. आपल्याकडे तर १८७५ च्या कायद्यापासून अठरावं वर्ष हे सज्ञानतेचं वय आहे. पहिल्या वर्षाला आलेली मुलं तिथे पोहोचलेली किंवा उंबरठ्यावर असतात. मुलींच्या बाबतीत तर सुरक्षिततेच्या नावाखाली मुलांपेक्षा वेगळे निर्बंध घालू नयेत, असं अनुदान आयोगाच्याच ‘सक्षम’ अहवालात २०१३ मध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे. तरी संध्याकाळी सातनंतर मुलींना कुलूप आणि मुलांना समुद्र मोकळा, हे चित्र आपल्याला पुष्कळ ठिकाणी दिसतं. हे रक्षण नाही. ज्याला आपण सांभाळतो त्याच्यावर आपला हक्क आहे, या समजुतीतून ते येतं.

मग पुण्याचा अहंकार नको, कराराचा कोरडेपणा नको, रक्ताच्या नात्याचा ताबाही नको. उरतं काय?

छांदोग्य उपनिषदात एक गोष्ट आहे. उपकोसल नावाचा विद्यार्थी सत्यकाम जाबालाच्या घरी राहत होता. हा सत्यकाम तोच, ज्याने बापाचं कुळ ठाऊक नाही हे खरं सांगितलं आणि त्या सत्याच्या बळावर गुरूच्या घरी प्रवेश मिळवला. आता तो स्वतः गुरू झाला होता. उपकोसलाने बारा वर्षं त्याच्या अग्नींची सेवा केली. बाकीच्या विद्यार्थ्यांना गुरूने निरोप देऊन घरी पाठवलं, याला मात्र ना शिकवलं ना सोडलं. गुरुपत्नीने नवऱ्याला सांगून पाहिलं की या मुलाने कष्ट केले आहेत, याला शिकवा. सत्यकाम काही न बोलता प्रवासाला निघून गेला. मुलगा दुःखाने खचला आणि त्याने जेवण सोडलं. तेव्हा गुरुपत्नी त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, तू जेवत का नाहीस? जेव. तो म्हणाला, माझ्या मनात नाना व्याधी भरल्या आहेत, मी जेवणार नाही. पुढे ज्या अग्नींची त्याने सेवा केली होती त्यांनाच त्याची दया आली आणि त्यांनी त्याला ब्रह्मविद्या सांगितली.

ही गोष्ट ब्रह्मविद्येसाठी वाचली जाते. मी ती त्या बाईसाठी वाचते. घरात राहणारा एक मुलगा सगळ्यांत मागे पडला आहे, बरोबरीचे पुढे निघून गेले आहेत, त्याने तोंड मिटलं आहे, जेवायला येत नाही. आजच्या वसतिगृहातल्या, विषय राहून केटी लागलेल्या मुलाची अवस्था हीच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात विद्वान माणूस प्रवासाला गेला होता, आणि मुलगा जेवला नाही हे जिच्या लक्षात आलं तिचं नावही ग्रंथाने नोंदवलेलं नाही. ज्ञान पुढे आलं, त्याआधी तिचं विचारणं आलं. माझं उत्तर हेच आहे. लक्ष असणं. कोण पानावर आलं नाही हे कळणं, आणि कळल्यावर उठून त्याच्या खोलीपर्यंत जाणं. देवाचे हात म्हणायचे तर ते हेच.

जळगावकडचा एक मुलगा आमच्याकडे होता. दुसऱ्या वर्षाला त्याचे विषय राहिले. आधी तो रात्री जेवेनासा झाला, मग सकाळचा चहाही जागेवर राहू लागला. विचारलं तर "काकू, पोट बरं नाही" एवढंच. मी उपदेश केला नाही. पडवीत सुपाऱ्यांची रास होती, त्याला म्हटलं, जरा सोलू लाग. हात कामात असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही. नंतर हळूहळू बोलू लागला. वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं होतं आणि आपण नापास झालो हे त्याने घरी कळवलंच नव्हतं. मग एका संध्याकाळी तो म्हणाला की मी नसतो तर घरच्यांचा खर्च वाचला असता.

असं वाक्य ऐकलं की प्रेमाने भागेल असं समजू नये. मी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार मनात शिरेल ही भीती खोटी आहे, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. त्याने होकारार्थी मान हलवली. त्या रात्री ह्यांनी त्याच्या खोलीत अंथरूण टाकलं. आम्ही १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन लावला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. घरी कळवायचं होतं, पण मी त्याला म्हटलं, "मी तुझ्या आईशी बोलणार आहे, मात्र तुझ्यासमोर. तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल एक शब्द नाही." स्पीकरवर फोन लावला. आई ऐकून घेत होती, मग तिने इतकंच विचारलं, "आज जेवला का तो?" तिच्या आणि माझ्या प्रश्नात काही फरक नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा त्या गाऱ्हाण्याचा अर्थ अंगात भिनल्यासारखा कळला. तो मुलगा घरी गेला, काही महिन्यांनी परत आला आणि विषय सोडवून शिक्षण पूर्ण करून गेला.

सगळ्या मुलांचं असं होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र पहिला होता. राजस्थानातल्या कोटा शहरात २०२३ साली जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला, म्हणजे भार पडला की पंखा खाली येईल. त्या आदेशाला मी नावं ठेवणार नाही. एक जीव वाचत असेल तर स्प्रिंग जरूर बसवावी. पण मूल त्या पंख्यापर्यंत पोहोचण्याआधी कितीतरी दिवस पानावर आलेलं नसतं. ते दिवस कोण मोजतं?

साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, वाशिष्ठीपलीकडच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. विद्यार्थिदशेत औंधला त्यांनी उपासमार सोसली. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं आवरत, कपडे धुऊन ठेवत. रोज पहाटे उठून मुलांसाठी हाताने ‘छात्रालय’ नावाचं दैनिक लिहीत. न रागावता मुलं आपोआप नीटनेटकी होत गेली. गुरुजींची ती माया कोणत्याही नियमावलीत घालता येणार नाही, आणि पगारी रेक्टरकडून ती मागणंही अन्यायाचं आहे. पण गुरुजींच्या त्या सगळ्या कामात एक गोष्ट अशी आहे जी प्रत्येकाला जमण्यासारखी आहे: ते मुलांच्या खोलीत रोज जात होते. ज्याच्याकडे तीनशे मुलं आणि शंभर रजिस्टरं दिली आहेत, त्याला हे कसं जमावं? वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझं कळकळीचं सांगणं आहे की इमारतीवर खर्च करता तसा माणसांवर करा. एका माणसाला जितक्या मुलांचे चेहरे ओळखता येतील तितकीच मुलं त्याच्याकडे द्या. समुपदेशक नेमा, पण स्वयंपाकघरातल्या मावशींनाही विचारत जा. ताट कोणाचं भरलेलं परत येतं ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि एवढं करून मुलं निघून जातात. चार वर्षं संपतात, वडील गाडी घेऊन येतात, गादी टपावर बांधली जाते. काही जण दिवाळीला फोन करतात, काहींचा पुन्हा आवाजही ऐकू येत नाही. मला पूर्वी याचं वाईट वाटेल असं वाटायचं. गीता कर्म करायला सांगते आणि फळावरचा हक्क सोडायला सांगते, ते मी वर्षानुवर्षं परीक्षेच्या निकालासंदर्भात शिकवलं. मायेच्या बाबतीत ते अधिक खरं आहे असं मला आता वाटतं. उपकोसलाच्या गोष्टीचा शेवटही हेच सांगतो. सत्यकाम प्रवासाहून परतला तेव्हा त्याला शिष्याच्या चेहऱ्यावर ज्ञानाचं तेज दिसलं. तुला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं. मुलाने चाचरत अग्नींकडे बोट दाखवलं. गुरू रागावला नाही. माझ्याशिवाय तू कसा शिकलास, असं म्हणाला नाही. अग्नींनी जे सांगितलं त्यापुढचं त्याने शिकवलं. मूल वाढलं यात आनंद, आपल्याच हातून वाढलं पाहिजे हा हट्ट नाही. सांभाळणाऱ्याने इतकं सोडता आलं पाहिजे.

जून-जुलैत मुलांना सोडायला आई-वडील येतात तेव्हा खोली बघतात. पंखा बघतात, वायफाय विचारतात, पाणी चोवीस तास आहे का विचारतात. हे सगळं विचारावंच. पण कोणत्याही वसतिगृहात किंवा घरात मूल ठेवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारा: माझं मूल दोन वेळा जेवायला आलं नाही, तर ते इथे कोणाला कळेल? उत्तरात एखाद्या यंत्राचं किंवा रजिस्टरचं नाव आलं तर पुन्हा विचारा. एखाद्या माणसाचं नाव आलं, आणि तो माणूस समोर येऊन उभा राहिला, तर मूल तिथे ठेवा.